अण्णांचा उजवा हात

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, उजव्या हाताचं काय सांगू! रामकुंडावर बसून ते वेद म्हणायला लागले, की त्या हाताच्या हेलकाव्यानं गोदावरी दोन पायऱ्या चढायची. खोटं वाटत असेल तर एक पायरी धरा.

आमच्या शुक्ल यजुर्वेदात मंत्र नुसता तोंडानं म्हणत नाहीत. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. हाताशिवाय म्हटलेलं म्हटलेलंच नाही, असं अण्णांचं ठाम मत. आठव्या वर्षी त्यांनी मला समोर बसवलं. हात चुकला की मनगटावर असा फटका, की आवाज सिन्नरला ऐकू जावा. पुढे मीच सिन्नरला गेलो, कारखान्यात. चाळीसपैकी नऊ अध्याय झाले होते. अण्णा एवढंच म्हणाले, "जा. यंत्रांना स्वर शिकव." दुसरा शिष्य त्यांना मिळाला नाही.

गेल्या वर्षी पारायण चालू असताना, तेहेतिसाव्या अध्यायाच्या मध्यावर, त्यांना अर्धांगवायू झाला. जीभ वाचली, उजवा हात गेला. पारायण पुरं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. रोज सकाळी खुर्चीत बसायचे, तोंड उघडायचे, मांडीवरच्या हाताकडे बघायचे आणि मिटायचे.

मग मी असा उपाय काढला, की कुठल्या ऋषीला सुचला नसेल! "अण्णा, तोंड तुमचं. हात मी हलवतो."

"पुढचं येतंय का तुला, गाढवा?"

"न यायला काय झालं? लहानपणी रोज कानावर पडलंय."

थाप. जन्मात हजार मारल्या असतील, पण ही अण्णांनी खरी मानली.

मनगट हातात घेतलं, पाखराएवढं हलकं. चार मंत्र मी त्यांच्या आवाजामागून हात नेला. पाचव्याला चेव आला आणि हात आधीच वर नेला. त्यामागे अण्णांचा आवाजही वर गेला. साठ वर्षांत न चुकलेला स्वर चुकला. ते थांबले, मागच्या मंत्रापासून पुन्हा उचललं. पुन्हा तिथंच आवाज वर. तिसऱ्यांदाही.

"इथं काय होतं रे?" त्यांनी विचारलं. मला!

मी पोथी उघडली, स्वरांच्या खुणा बघून सांगितलं. "खाली आहे, अण्णा."

जन्मभर छापील पोथ्यांच्या चुका काढणारे अण्णा म्हणाले, "असेल."

डाव्या हातानं त्यांनी उजवा हात माझ्याकडून सोडवून घेतला आणि शालीखाली ठेवला.

अजून रोज कामावर जाण्याआधी मी खुर्चीसमोर पाट मांडून बसतो. ते हात बाहेर काढत नाहीत.