आवाजाच्या खोलीत आलेली माणसं

आमच्या सेंटरचं पूर्ण नाव घेईपर्यंत चहा गार होतो. संगीत आणि ध्वनी तंत्रज्ञान संशोधन केंद्र, सोलापूरच्या विद्यापीठात अगदी मागच्या बाजूला. रिक्षावाल्याला आम्ही नुसतं 'आवाजवाले' एवढंच सांगतो, तो बरोबर आणून सोडतो. इथे माणसं गायला येतात, वाचायला येतात, कान तपासायला येतात. त्यांचे आवाज आम्ही कॉम्प्युटरमध्ये ठेवतो, त्यावर पेपर लिहितो आणि ते पेपर आम्हीच वाचतो. पण माणूस निघून गेला तरी त्याचं एखादं बोलणं चहाच्या वेळी पुन्हा निघतं. अशा बोलण्यांचा आता चांगलाच ढीग झालाय.

*

इरफान आमचा साउंड इंजिनिअर. पंख्याचं बेअरिंग जाणार हे त्याला आवाजावरून आधीच कळतं. सुरुवातीच्या दिवसांत त्याला एका गोष्टीनं फार छळलं. काही रेकॉर्डिंगमध्ये मागे बारीक 'हूं' असा आवाज यायचा. वायरिंगमध्ये दोष असला की असं घुमतं, त्याला आमच्याकडे 'हम' म्हणतात. इरफाननं केबल बदलल्या, अर्थिंग नव्यानं करून घेतलं, इलेक्ट्रिशियनशी भांडण झालं. हम काही जाईना. बरं, रोज यायचा असंही नाही.

एका दुपारी एक बाई भजन गात होत्या. इरफाननं सहज काचेतून आत पाहिलं. आमच्या संचालक, देशमुख मॅडम, कोपऱ्यात फाइल छातीशी धरून, डोळे मिटून उभ्या होत्या आणि ओठ बंद ठेवून गुणगुणत होत्या. दारावरची 'शांतता पाळा' ही पाटी त्यांनीच लावलेली!

इरफान हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वायरिंग में कुछ नै, ताई. हम मॅडम का है."

त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. गाणं चांगलं झालं की नाही हे मात्र आम्ही आता हम आहे का, त्यावरूनच ठरवतो.

*

आमच्याकडे एक आवाजबंद खोली आहे. भिंतींना, छताला जाड स्पंज. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही, आतलं भिंतीत जिरून जातं. यंत्रमागावर काम केलेल्यांचे कान आम्ही तपासत होतो, म्हणून अंबादास मामा आले. उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात, खडखडाटात गेलेलं. मामांना खोलीत बसवलं, दार लावलं, आणि लगेच आतून धपाधप थापा.

दार उघडलं तर मामा छातीवर हात ठेवून उभे. आत काहीतरी वाजतंय, म्हणाले. इरफाननं समजावलं की मशीनचं काही नाही मामा, ते तुमचं काळीज आहे, एवढ्या शांततेत ते ऐकू येतं. मामा पुन्हा जाऊन बसले. कान देऊन ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "चालू हाय की अजून."

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा हजर, बरोबर मामी. हिचं बी ऐकायचंय, म्हणाले. नियमात बसत नव्हतं, पण मॅडमनीच मान डोलावली. दोघं आत गेले. बाहेर आल्यावर मामांनी काळजीनं सांगितलं की कान लावून ऐकलं, हिचं माझ्यापेक्षा जोरात पळतंय, डॉक्टरला दाखवावं का?

मामी पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "ह्या वयात धरून आत नेलं, दार लावून घेतलं. मग पळंल न्हाय तर काय?"

*

बोललेलं ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. त्याला आपल्याकडची मराठी कळावी म्हणून इथल्या लोकांकडून छापील वाक्यं वाचून घ्यायची होती. मी वैरागहून माझ्या आत्यालाच बोलावलं. सातवीपर्यंत शिकलेली, वाचायला चोख.

अडचण वेगळीच निघाली. आत्या वाक्य वाचायची आणि त्याला उत्तर द्यायची. 'तुम्ही कुठे चाललात?' हे वाचलं आणि म्हणाली, कुटं न्हाय, हितंच हाय. 'आज बाजार बंद आहे' यावर तर तिनं कागदच खाली ठेवला आणि बाजार कसा चालू आहे ते मला सांगितलं. मी काचेमागून हात जोडले. आत्या, फक्त वाच.

मग पुढचं वाक्य आलं. 'माझी मुलगी परगावी राहते.' आत्यानं ते वाचलं. थांबली. माइकच्या जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "व्हय, राहती. फोन कर म्हणावं."

ते वाक्य सॉफ्टवेअरला काही कामाचं नव्हतं. मी तेवढा तुकडा कापून हैदराबादला माझ्या आतेबहिणीला पाठवला. आत्या अजून स्टुडिओतच होती, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. त्या दिवशी पुढचं रेकॉर्डिंग झालंच नाही.

*

नरसम्मा विडी कामगार. विड्या वळताना बायका जी तेलुगू गाणी म्हणतात ती त्यांना पाठ, असं कळलं म्हणून बोलावलं. पण माइकसमोर बसल्यावर गाणं येईना. हात रिकामे असले की शब्द येत नाहीत, म्हणाल्या. मी ऑफिसातले जुने कागद विडीच्या पानाएवढे कापून दिले. त्यांनी ते मांडीवर घेऊन वळायला सुरुवात केली आणि गाणं आपोआप सुरू झालं. एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, पुढची म्हणायच्या. मॅडमचं गुणगुणणं अर्थात होतंच.

आठवड्यानं इरफाननं साफसूफ करून ते गाणं त्यांना ऐकवलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. आवाज छान आलाय, म्हणाल्या, पण माझ्या जावेच्या ओळी कुठं गेल्या?

आम्हाला कळेना. जाऊबाई तर आल्याच नव्हत्या. मग त्यांनीच सांगितलं. गाणं दोघींचं. एक ओळ त्यांची, एक जावेची. लग्न होऊन आल्यापासून दोघी समोरासमोर बसून वळायच्या. गेल्या पावसाळ्यात जाऊ वारली. "तिची वेळ मी तिला सोडते की, साहेब," त्या म्हणाल्या.

इरफाननं मधल्या सगळ्या मोकळ्या जागा कापून टाकल्या होत्या. तो खुर्ची ओढून बसला आणि एकेक जागा परत जोडत गेला. शेवटी गाण्याच्या माहितीत 'गायिका' समोर नाव लिहायचं होतं. त्यानं जावेचं नाव विचारलं.

*

मल्लिनाथ आमचा एम.ए.चा विद्यार्थी, मंद्रूपचा. हुशार, पण बोलताना अडखळायचा. नाव सांगायलाही वेळ लागायचा, म्हणून वर्गात गप्पच बसायचा. एकदा इरफान त्याला एक प्रयोग दाखवत होता. हेडफोन लावून माइकमध्ये बोलायचं आणि आपलाच आवाज आपल्याला किंचित उशिरा ऐकू येतो. आपण सगळे यात गडबडतो. मल्लिनाथ मात्र सरळ बोलायला लागला. न अडखळता. काही अडखळणाऱ्यांचं असं होतं, हे आम्ही वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, भिंतीवरची सूचना वाचली, पुन्हा वाचली. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग तो म्हणाला, "सर, अप्पांना फोन लावू?"

त्याच्या मोबाइलला चार्जिंग नव्हतं. इरफाननं आपल्या फोनवरून लावून दिला आणि स्पीकर चालू करून माइकशेजारी ठेवला. गावाकडे त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, उचलला.

"अप्पा, मी मल्लिनाथ बोलतोय. जेवलात का?"

पलीकडून अप्पा अदबीनं म्हणाले, "मल्लिनाथ हितं नसतो, साहेब. सोलापूरला शिकायला हाय." आणि फोन ठेवला.

मल्लिनाथनं हेडफोन काढले. ते नीट गुंडाळून टेबलावर ठेवले. स्वतःच पुन्हा नंबर लावला.

"अ... अ... अप्..."

अप्पांनी शब्द पुरा होऊ दिला.

"बोल बाळा," ते म्हणाले. "आत्ताच तुला कुणीतरी विचारत होतं बघ. लई गोड बोलत होता पोरगा."