बोक्सुनच्या वाटणीची मूठ

माझी सून फोनवर बोट फिरवते आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ दारात. काय आणायचं, किती आणायचं, ते नवरा-बायको जेवता जेवता ठरवतात. ठरवोत बापडे! आमच्या वेळी हेनाम गावातल्या त्या घरात कोठाराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची. त्या मापून देतील तेवढाच तांदूळ चुलीवर चढायचा.

बोक्सुन माझी थोरली जाऊ. त्यांची लेक ओक्ही बारा वर्षांची, भलती हुशार. मामंजी म्हणाले, "पोरीला पुढची शाळा कशाला? फी काय आभाळातून पडणार?" भावजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनीही, मान डोलावली. जाऊबाई भांडी घासायला उठल्या. पण त्या दिवसापासून दर जेवणाला एक मूठ तांदूळ रांजणात टाकू लागल्या.

वर्षाने सासूबाईंना सरपणामागे तो भरलेला रांजण सापडला.

"चोरटे! माझं कोठार लुटतेस?"

मी चुलीआड सरकले. जाऊबाई मात्र ताठ उभ्या.

"आई, कुणाच्या वाडग्यात एक शीत तरी कमी पडलं का? मूठ माझ्या वाटणीची आहे."

सुनांनी चुलीपाशी जेवायची रीत. आमच्या वाडग्यात काय असतं, हे सासूबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वाकल्या आणि चुलीपाशी वाढून ठेवलेल्या जाऊबाईंच्या वाडग्यात चमचा खुपसला. वर चार शितं, खाली नुसती रताळी.

"वर्षभर हेच?"

"हो."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. मग कमरेची किल्ली सोडून जाऊबाईंपुढे टाकली. "घे. मला आता वाकवत नाही."

"आणि मामंजींना काय सांगू?"

"म्हणावं, म्हातारीनं दिली. काय बोलायचंय ते माझ्याशी बोला!"

मला हसू आवरेना. सासूबाईंनी मलाही एक शिवी हासडली.

दुसऱ्या दिवशी रांजणातला तांदूळ आम्ही दोघींनी निम्मानिम्मा डोक्यावर घेतला आणि ओक्हीला मधे घालून तालुक्याला निघालो. मान मोडून आली, पण बाजारात भाव चांगला मिळाला. तडक शाळेत गेलो.

कारकुनाने लेखणी उचलली. "पालकाचं नाव? मुलीचे वडील कुठायत?"

जाऊबाईंनी पैसे टेबलावर ठेवले. "वडील घरी आहेत. फी मी आणलीय. माझं नाव लिहा."

त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं, ओक्हीकडे पाहिलं आणि लिहिलं. जाऊबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओक्हीला पुढे ढकललं. "बघ गं, बरोबर लिहिलंय का?"

ओक्हीने ते मोठ्याने वाचलं, "पालक: बोक्सुन."