समजा, आईचे वय क्ष

लेक ओट्यापाशी बसून गणित सोडवत होती. आईचे वय मुलीच्या चौपट, पाच वर्षांनी तिप्पट होईल. तिने सवयीने लिहिलं, ‘समजा, मुलीचे वय क्ष.’ आई आपोआप चार क्ष झाली.

कणीक मळता मळता माझा हात थांबला. शाळेत मीही असंच लिहायचे, तेव्हा क्ष मी होते. पुढे मी कुणाची सून झाले, कुणाची आई. मला कायम दुसऱ्याच्या पटीतच मांडलं.

“आईला क्ष मान,” मी म्हटलं.

“अगं, मग अपूर्णांक येतात. किचकट होतं.”

“होऊ दे किचकट.”

कुरकुरत तिने खोडून पुन्हा मांडलं. दोन ओळी वाढल्या. उत्तर तेच आलं, आई चाळीस, मुलगी दहा. फक्त या वेळी आईचं आधी निघालं.