तांबड्या दोऱ्याचे प्याले

खोका बंदरावरून आवडाबाईनेच आणला. मंडळीचं काही आणायचं, झाडायचं, पुसायचं असलं की खारपाखाडीतल्या समस्त ख्रिस्ती लोकांना एकदम आवडाबाई आठवायची, आणि ठराव करायचा असला की तेवढीच एकदम विसरायची. आगबोट लांब उभी राहिली, पडावाने खोका किनाऱ्याला लागला आणि पुढचा चिखल तुडवत ती तो डोक्यावर घेऊन चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. आत काहीतरी किणकिणत होतं.

"हळू, मावशी, हळू ठेवा," म्हणत अनंतराव पाळक धावत आले. "काच आहे त्यात."

"आता सांगता व्हय? चिखलात दोनदा पाय सरला माजा."

अनंतराव तिशीचे, पुण्याकडे शिकून नुकतेच इथे नेमलेले. स्वभावाने गरीब. गरीब माणसाला पंचांनी नवं खूळ सुचवलं की त्याला ते आपलंच वाटतं, तसं त्यांचं व्हायचं. त्यांनी झाकण उचकटलं. भुशातून एक लाकडी ताट निघालं, ताटाला गोल गोल भोकं, आणि वेगळ्या पुडक्यात अंगठ्याएवढाले काचेचे प्याले. दोन डझन. प्रत्येकाला खाली आखूड दांडी.

"औषदाचे हायत?"

"प्रभुभोजनाचे. आता ज्याचा त्याचा वेगळा प्याला. मुंबईच्या मोठ्या मंडळ्यांत हल्ली असंच करतात."

"आन् आपला?"

"तो कपाटात ठेवू या. आठवण म्हणून."

आवडाबाईने पदराने तोंड पुसलं. आठवण म्हणून कपाटात ठेवतात ती मेलेल्या माणसाची वस्तू, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पाळकाला सकाळी सकाळी टोचून बोलू नये, म्हणून तिने ते गिळलं. त्या वर्षी तिने गिळलेल्या गोष्टी मांडायच्या तर ते लाकडी ताट पुरलं नसतं.

आपला प्याला म्हणजे पितळेचा, आतून कल्हई केलेला, प्रभुभोजनात येशूच्या आठवणीने द्राक्षरस पिताना सगळ्यांच्या तोंडाला लागणारा एकच. नाताळाआधी कल्हईवाला आला की आवडाबाई त्याच्यासमोर फतकल मारून बसे आणि कथील जरा कमी लावलं की त्याचा बापजादा काढी. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, उकळून फडक्यातून गाळायच्या. गव्हाची बिनखमिराची पोळी लाटायची. हे काम आधी तिची आई करायची. आई गेल्यावर हिने केलं. नेमणूक कुणी केली नव्हती, त्यामुळे काढून टाकायचीही कुणाला सोय नव्हती.

प्याल्यावर तिचा जीव उगीच नव्हता. ती सहा वर्षांची असताना इथलं पहिलं प्रभुभोजन झालं, सुकट साठवायच्या मांडवात. तिचा बाप कोंडाजी महारवाड्यातला. त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घेतलेला विठोबा भंडारी आळीतला, ताडीचा धंदा टाकून आलेला. कोंडाजी पुढे बसला होता म्हणून गोऱ्या पाद्रीसाहेबाने प्याला आधी त्याच्या हातात दिला. साहेबाच्या ते ध्यानातही आलं नसावं. कोंडाजी प्याला, आणि जन्माच्या सवयीने त्याने प्याला जमिनीवर ठेवून विठोबाकडे सरकवला. शेजाऱ्याने उचलून घ्यावा, हाताला हात लागू नये.

विठोबा म्हणाला, "खाली का ठेवतोस? हातात दे."

कोंडाजीने दिला. विठोबा प्याला. दुसऱ्या दिवसापासून विठोबाला आळीची विहीर बंद झाली आणि त्याच्या बायकोला माहेर. आवडाबाईला शास्त्रातली वचनं फार पाठ नव्हती. हे मात्र पाठ होतं.

आणि आता छोटे प्याले परस्पर मागवून ते वापरायचा ठराव आणणारा तुळशीराम, त्याच विठोबाचा मुलगा. मुंबईला कचेरीत नोकरी करून गावी परतलेला, पंचांतला मुख्य. दोन्ही बाप भावासारखे वागले म्हणून आवडाबाई त्याला दादा म्हणे आणि त्याच्या बायकोला, केसरबाईला, वहिनी. दादा परतल्यापासून चर्चमध्ये सुधारणा फार झाल्या होत्या. बाजाची पेटी आली, तिला कुलूप आलं आणि कुलपाची चावी दादाच्या खिशात गेली, त्यामुळे दादा पडशाने आजारी असला की गायन बंद. चटया गेल्या, बाकं आली. पूर्वी प्रार्थना संपली की लोक घरी जात. आता प्रार्थना उरकून घेत, कारण मागून सभा असे.

खोका आल्यानंतरच्या सभेत दादाने जंतूंवर भाषण केलं. एका थुंकीत किती लाख असतात ते सांगितलं. बायकांनी नाकाला पदर लावले. मागच्या बाजूला दाराशी मोरू बसला होता, आवडाबाईचा भाचा, मिठागरात काम करणारा. गेल्या पावसाळ्यापासून त्याला खोकला जडला होता.

"मी शेवटीच येतो की," तो खाली बघून म्हणाला. "समद्यांचं झाल्याबिगर मी प्याला तोंडाला लावत न्हाय."

"तुझं नाव कुणी घेतलं का, मोरू?" दादा म्हणाला.

"खोकल्याचं नाव घ्यावं लागत न्हाय, दादा. ऐकूच येतो," आवडाबाई म्हणाली. चार माणसं हसली. ठराव पास झाला.

खरं म्हणजे तिला सर्वांत जास्त राग या गोष्टीचा आला की दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. पटकीच्या साली पाणी उकळून प्या म्हणून आळीभर बोंबलत फिरणारी तीच होती. मोरूही म्हणूनच शेवटी येई, कुणी न सांगता. त्याच्यानंतर प्याल्यात जे उरे ते आवडाबाई पिऊन टाकी आणि मग प्याला राखेने घासून उकळत्या पाण्यात घाली. इतकी वर्षं काळजी आणि प्रीती एकाच प्याल्यात नांदली होती, त्यांना भांडायचं सुचलं नव्हतं. आता हे सभेत कसं मांडायचं? तिने चुलीपुढे बसून प्रभूलाच विचारलं. "तुज्या टायमाला बारा जनांत येकच व्हता का न्हाय? मग तू तरी बोल की काय." प्रभू पंचांच्या सभेत बोलत नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

पहिल्या रविवारी नवे प्याले फिरले. सर्वांनी हातात धरून बसायचं आणि पाळकांनी खूण केली की एकदम प्यायचं, असं ठरलं होतं. म्हातारी सखुबाई आधीच पिऊन मोकळी झाली आणि वर "बस, येवढंच?" म्हणाली. मोरूला शेवटी यायला जागाच उरली नाही, कारण कुणी पुढे यायचंच नव्हतं. ताटच बाकांवरून फिरत गेलं.

मागाहून धुणं. प्याले इतके अरुंद की बोट आत जाईना. काडीला चिंधी गुंडाळून एकेक खरवडताना आवडाबाईची कंबर मोडली. तेवढ्यात केसरबाई चर्चमागच्या स्वयंपाकखोलीच्या दारात आली.

"आमचे पाच दे गं इकडं. मी घरी धुते. तुला एकटीला किती पडतं."

आवडाबाईला भरून आलं. रात्रीच्या प्रार्थनेत तिने वहिनीचं नाव घेतलं, दादालाही जरा सूट दिली.

पुढच्या महिन्यात ते पाच प्याले लखलखीत होऊन परत आले. प्रत्येकाच्या दांडीला बारीक तांबडा दोरा बांधलेला.

"वहिनी, ह्यो दोरा कशापायी?"

"आपले आपले ओळखायला."

"प्याल्यास्नी काय पाय फुटत्यात, दुसऱ्याच्या घरी जायला?"

केसरबाई पदराशी चाळा करत राहिली. "तसं न्हवं गं. धुतलेला असला तरी आधी कुणी तोंड लावलं, ते मनात राहतंच ना."

"उकळल्यावरबी?"

"मन काय उकळता येतं का?"

"म्हंजे जंतू आमच्याच आळीतले म्हनायचे."

केसरबाई पायरीवर बसली आणि खरं काय ते बाहेर आलं. ईस्टरला तिच्या शकूला बघायला पुण्याची माणसं येणार होती. ख्रिस्ती खरी, पण आजोबा-पणजोबांच्या वेळेला मोठ्या जातीतून आलेली. "वरून काही म्हणत नाहीत ती. पण इथं येऊन बघतील, कोण कुणाच्या मागून पितंय. माझ्या पोरीचं जमतंय तर जमू दे. तू मनाला लावून घेऊ नको, आवडे. तू घरचीच."

घरचीच, म्हणून घरच्या प्याल्याला दोरा. केसरबाई गेल्यावर आवडाबाईने एक पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा आला, आणि तो पोचा काढायचं कामही पुन्हा तिच्याच गळ्यात पडलं.

ईस्टरच्या आदल्या दुपारी ती त्या पाच प्याल्यांपुढे कात्री घेऊन बसली. दोरे कापायचे आणि फेकायचे, विषय संपला. मग शकू डोळ्यांपुढे आली. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती आवडाबाईच्याच मांडीवर होती आणि तिने नव्या लुगड्यावर धार सोडली होती. उद्या प्याला सापडला नाही म्हणून आईने पाहुण्यांसमोर तोंड वाकडं केलं तर पोरीचा काय दोष? आणि कापले नाहीत तर बापाने त्या मांडवात जमिनीवर ठेवलेला प्याला पुन्हा जमिनीवरच आला म्हणायचा.

"तू कायबी सोप्पं ठेवलं न्हाईस," ती वर बघून म्हणाली.

कात्री हातात होतीच. तिने गोधडीच्या गाठोड्यातून तांबड्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि उरलेल्या एकोणीस प्याल्यांना दोरा बांधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातला पितळी प्याला काढला. छोट्यांत रस ओतायला काहीतरी भांडं लागणारच, आणि कोणतं भांडं घ्यावं यावर अजून ठराव झाला नव्हता. सगळे त्यातूनच भरले. पुण्याच्या पाहुण्यांना पुढच्या बाकावर बसवलं होतं, मुलाची आई केसरबाईच्या शेजारी. ताट आलं. केसरबाईचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. एक तांबडा, दुसरा तांबडा, सगळीकडे तांबडा. तिने ताटावरून मान उचलली ती सरळ दाराकडे, जिथे आवडाबाई मोरूशेजारी हात जोडून, डोळे मिटून बसली होती. इतके घट्ट मिटले होते की उघडे असल्यासारखेच.

"घ्या ना," मुलाची आई हळूच म्हणाली. "किती छान चाल आहे तुमच्याकडे. प्रत्येकाला तांबडी खूण. तारणाची ना?"

केसरबाईने हाताला येईल तो उचलला. पाळकांनी खूण केली. ती प्याली.

उपासना संपल्यावर पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच ती तरातरा स्वयंपाकखोलीत आली. "माझे पाच कुठले, सांग."

"मला काय ठावं? शोध."

"आवडे, तू मुद्दाम केलंस."

"व्हय. मुद्दाम." आवडाबाईने काडीला चिंधी गुंडाळली. "वहिनी, तुज्या सासऱ्याने माज्या बापाच्या हातातनं घेतला तवा दोरा शोधला न्हवता. आमी आजवर त्याच्या नावानं देवाला धन्यवाद देतो. तुला पायजे तर पाच घेऊन जा. कुठलेबी."

केसरबाईने एक प्याला उचलला, उजेडात धरला. दुसरा धरला. सगळे सारखे. बाहेर मोरू खोकला, आणि दोघींनीही ऐकलं. ओळखता येईना तर घरी तरी काय न्यायचं. शेवटी केसरबाई बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "आण इकडं ती काडी. तुझा हात जड, फोडशील एखादा." पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे तिने धुतले, कपाळावर आठी ठेवूनच. शकूचं जमल्याचा निरोप पाहुण्यांनी निघण्याआधीच दिला होता. त्याचं श्रेय तिने आवडाबाईला दिलं नाही, आणि आवडाबाईने मागितलंही नाही.

एवढ्यावर मिटलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या रविवारी अनंतराव पाळकांनी बायबलातल्या राहाबेवर उपदेश केला. यरीहो शहराच्या तटावर राहणाऱ्या त्या बाईने खिडकीला किरमिजी दोरी बांधली आणि शहर पडलं तरी तिचं अख्खं घर वाचलं, तशीच आपल्या मंडळीची ही सुंदर चाल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तुळशीरामदादा मान डोलावत होता. आवडाबाईने डोक्याला हात लावला. तिला पुढचं दिसत होतं.

सभेत ठराव झाला. प्रत्येक प्रभुभोजनाच्या आधी सर्व प्याल्यांना नवा तांबडा दोरा बांधण्यात यावा. काम आवडाबाईकडे. अनुमोदन सर्वांचं. बायकांना विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला, आदल्या दुपारी, मनुका चुलीवर असताना ती आणि केसरबाई समोरासमोर बसून दोरे बांधतात. केसरबाई येते ती कुरकुरत, आणि दर खेपेला सांगते की हे सगळं तुझ्यामुळे. आवडाबाई म्हणते, माझ्यामुळे नव्हे, तुझ्या नवऱ्यामुळे. मधे पितळी प्याला असतो, नव्याने कल्हई केलेला.

"गाठ नीट मार, वहिनी," आवडाबाई म्हणते. "मागल्या खेपेला तुजे चार सुटले."