ग्रहणात पाडलेली भोकं

पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी आमचे हे बसऱ्याला विमानांच्या तळावर मिस्त्रींच्या हाताखाली होते. तिथून आल्यावर सोलापुरात गिरणीत लागले, आमचं लग्न झालं, आणि काही वर्षांनी त्यांनी घरातच तिथल्या एका विमानाची नक्कल करायला घेतली. खऱ्याच्या एका हाताला एक बोट, असं माप. कामट्यांचा सांगाडा, एकावर एक दोन पंख, त्यांवर खळ लावून ताणलेलं मलमल. मलमल मीच ताणून दिलं. मला वाटलं, झालं. पण त्यांना ते नवंकोरं नको होतं. खऱ्याचं इंजिन एरंडेल थुंकायचं, म्हणून नाकाखाली एरंडेल चोळलं. कंदिलाची काजळी पुसली, चाकांना चिखल लावला. राहिली गोळ्यांची भोकं.

त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. लढाईहून आल्यापासून हे ग्रहण पाळत नसत. पंखाला पुन्हा खळीचा हात देऊन त्यांनी मला हाक मारली.

"अगं, ये की हितं. मी धरतो, तू दाभण घाल."

मी जागची हलले नाही. मला दिवस वर जाऊन आठवडा झाला होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या खेपेला मी यांनाही बोलले नव्हते. पोटुशीनं ग्रहणात काही चिरलं, टोचलं, तर ते पोराच्या अंगावर उठतं.

"ग्रहण सुटू द्या की," मी हळूच म्हटलं.

"तवर खळ वाळंल. वाळल्यावर भोक पडत न्हाय, कापड फाटतंय."

सासूबाईंची माळ थांबली. "हिला कशाचं भ्या रं? पोटात काय असंल तर गिराण लागंल!"

मी दाभण घेतलं. हे बोटानं जागा दाखवत, "हितं. आता हितं." सगळी भोकं त्यांना पाठ होती. ओलं कापड टपकन फुटे. नऊ भोकं पाडली.

पुढं महिने भरत गेले, पण भीती काही उतरेना. विमान आढ्याला टांगलेलं होतं; मी खाली बघूनच केर काढायची. सातव्या महिन्यात एकदा धीर करून विचारलं, "त्या विमानात बसलेल्याला लागलं होतं का हो?"

मी आपणहून विचारलं म्हणून ते खूश झाले. "लागलं की! उजव्या मांडीत गोळी. लई रगत. तरी साहेबानं विमान खाली आणलंच बघ."

मला मांडीच तेवढी ऐकू आली. त्या दिवसापासून पोटात पाय हलला की मी श्वास धरून तो कुठला असेल याचा अंदाज घ्यायची.

मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सुईणीनं मुलगी गुंडाळून कुशीत दिली. सगळ्यांसमोर सोडून बघायची लाज वाटली. सुईण हात धुवायला गेली तशी मी घाईघाईनं फडकं सोडलं. उजवी मांडी बघितली. मग डावी. पाठ, पोट, पावलं. कुठं तीळसुद्धा नव्हता. मला रडू आवरेना.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोरगी झाली म्हून रडतीस व्हय? गप. पयली बेटी धनाची पेटी असं मीच म्हणतीया न्हवं?"

मी मान हलवली आणि पोरीला पुन्हा गुंडाळलं.