गोष्टीला ‘हं’ कोण म्हणणार?

सत्तरच्या दशकात मी एम.ए.साठी नागपुरात राहत होतो. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. तिथल्या सदर भागातल्या एका वाचनालयात अमेरिकेतल्या अपाचे लोकांच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचलं. त्यांच्यात काही गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगायच्या, असा रिवाज होता म्हणे. म्हातारे सांगत आणि कुणीतरी लिहून घेई.

वाचताना मला भिवापूरची आत्या आठवे. सात भाऊ आणि एका बहिणीची लांबलचक गोष्ट तिला तिच्या सासूकडून मिळाली होती. आता गावात ती दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नव्हती. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिच्याबरोबर गोष्टही गेली असती.

नाताळच्या सुट्टीत नवी वही घेऊन गेलो. आत्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. मी शिंकत शिंकत समोर बसलो. तिने सुरुवात केली, मी खाली मान घालून लिहू लागलो. चार वाक्यांत ती थांबली.

“सांग ना आत्या.”

“कोणाले सांगू? हं म्हणत नाही, वर पाहात नाही. भिंतीले सांगू का?”

“मी लिहून राहिलो ना!”

“लिही बापा. पण गोष्टीले हं लागते. हं नाही त गोष्ट उठून जाते.”

लहानपणी आम्ही सगळी पोरं हं-हं करायचो, ते मी विसरलोच होतो. आता दोन्ही जमेना. हं म्हटलं की वाक्य सुटे. शेवटी आत्याने शेजारणीला हाक मारली. ती देठ खुडता खुडता हं म्हणू लागली, मधेच “अवं माय!” करू लागली. गोष्ट पळायला लागली आणि माझा हात मागे पडू लागला.

नागपूरला येऊन मी सुवाच्य प्रत केली. होळीला आत्याला वाचून दाखवली. आता हं म्हणायची पाळी तिची. घराबाहेर काढलेली बहीण आसरा मागत भावांच्या दारी जाते, तिथे आत्याचा हं आला नाही.

“काहून थांबली?”

“बाकीचे भाऊ कुठं गेले गा?”

मी लिहिलं होतं, ‘बाकीच्या पाच भावांनीही तसेच उत्तर दिले.’ मग एकदम धाकट्याचं दार.

“सगळे सारखंच तर बोलतात, आत्या.”

“म्हणूनच त! एकेका दारी उभी राहते बिचारी. तू तिले एका उडीत धाकट्याकडे नेलं. मंग तिचे पाय काहून दुखतीन?”

कच्ची वही होती म्हणून बरं. त्यात सगळी दारं होती. ती एकेक करून परत घातली, पुन्हा वाचलं. प्रत्येक दाराशी आत्याचा हं आला. त्या अपाचे म्हाताऱ्यांपुढे हं कोण म्हणत असेल, की त्यांची रीत वेगळीच असेल, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मला अजून ते जाणून घ्यायचं आहे.

“हे वही कोण वाचीन?” आत्याने विचारलं.

“लोक वाचतील.”

“त त्याइले सांग, हं म्हणजा.”

वहीच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलं आहे.