गोल शिक्का

"शिक्का! मला गोल शिक्का हवाय!" म्हातारा असा ओरडला की ऑस्ट्रेलियातल्या आमच्या डँडेनॉन्गच्या लायब्ररीतली पुस्तकं, खोटं नाही सांगत, कपाटात वीतभर मागे सरकली. लोकांचे कागद साक्षांकित करायला काउंटरवर बसलेली बाई दाखल्यावर सही करून केव्हाच "नो वरीज" म्हणून मोकळी झाली होती. पण हा हयातीचा दाखला पूर्व युरोपात, त्याच्या गावी जायचा होता. शिक्का नसला तर पेन्शन बंद, म्हणजे तिकडच्या कागदोपत्री म्हातारा मेलाच!

तो शिक्क्यावर सोडावी तशी मुठीवर तोंडाची वाफ सोडायचा आणि मूठ काउंटरवर अशी हाणायचा की मला शाईचा वाससुद्धा आला. रांगेत त्याच्या मागून न राहवून मी विचारलं, "मेट, तुम्ही तिकडे सरकारी नोकरीत होता का?"

"तीस वर्षं. कम्युनिस्ट गेल्यावर कारभार सुधारायला कमिटी नेमली, तिच्यात मी होतो. सगळे शिक्के रद्द करायचा हुकूम मीच लिहिला."

मला हसू आवरेना. "मग ते अजून शिक्का का मागतात?"

दाखल्याची घडी घालत तो म्हणाला, "त्या हुकमावर शिक्का नव्हता."